प्रतिसृष्टीची तालीम

मराठींत 'तालीम' हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. जेथें तरुण मुलें तांबड्या मातींत कुस्तीचे डाव घोटतात ती जागा म्हणजे तालीम. आणि नाटकाचा पडदा वर जाण्यापूर्वीं नटमंडळी जी उजळणी करतात तीहि तालीमच. दोहोंना शब्द एकच पुरतो, कारण दोहोंमागील कल्पना एकच आहे. खरा प्रसंग येण्याआधीं, जेथें चूक झाली तरी फारसें बिघडत नाहीं अशा जागीं, त्या प्रसंगाचाच सराव करावयाचा. आखाड्यांत पाठीला माती लागली तर मल्ल ती झटकून पुन्हां उभा राहतो; भर दंगलींत लागली तर तीच गोष्ट गांवभर होते. ज्या अमरावतींत श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें कार्य १९१४ पासून चालत आलें आहे, त्या शहराला तालमीचें हें मर्म निराळें सांगावयास नको.

अलीकडे मात्र तालमीची एक नवी जात पुढें आली आहे. तिला माती लागत नाहीं, रंगमंच लागत नाहीं. संगणकाचा पडदा पुरतो, आणि क्वचित् डोळ्यांवर चढवावयाचा एक जाड चष्मा. हा चष्मा चढविला कीं भोंवतालची खोली नाहींशी होते आणि दुसरेंच जग दिसूं लागतें. मान वळविली कीं तें जगहि वळतें. या विद्येला सिम्युलेशन असें म्हणतात. पुराणांत विश्वामित्रानें त्रिशंकूसाठीं प्रतिसृष्टि निर्माण केल्याची कथा आहे. तोच शब्द येथें वापरणें सोयीचें होईल. अमरावती-अकोल्याकडील मुलामुलींच्या शिक्षणांत या प्रतिसृष्टीला जागा कोणती, आणि ती कोठपर्यंत, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम प्रतिसृष्टि म्हणजे काय नव्हे तें पाहावें. ती चित्र नव्हे, आणि चित्रपटहि नव्हे. चित्रपटांतील विहीर कितीहि वेळां पाहिली तरी तिचें पाणी दिग्दर्शकानें ठरविलें तेवढेंच राहतें. प्रतिसृष्टींतील विहिरीवर पाहणाऱ्यानें दुसरा पंप बसविला तर तिचें पाणी खालीं जातें, आणि शेजारच्या विहिरीचेंहि जातें. चित्र दाखवितें, प्रतिसृष्टि उत्तर देते. हें उत्तर देण्यासाठीं तिला तीन गोष्टी लागतात. खऱ्या सृष्टीचे नियम गणिताच्या भाषेंत लिहिलेले असावे लागतात. काळ लहान लहान पावलांनीं पुढें सरकावा लागतो, आणि प्रत्येक पावलावर त्या नियमांप्रमाणें नवा हिशेब मांडावा लागतो. आणि निदान एक तरी कळ शिकणाऱ्याच्या हातीं असावी लागते. ही तिसरी गोष्ट शिक्षणाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची होय. कारण कळ हातीं आली म्हणजेच 'असें केलें तर काय होईल?' हा प्रश्न सुचतो. कळ हातीं नसेल तर उरतो तो केवळ देखावा.

या विद्येचा इतिहास वाटतो तितका अलीकडचा नाहीं. अमेरिकेंतील बिंगहॅम्टन गांवीं एडविन लिंक नांवाचा तरुण वडिलांच्या वाद्यांच्या कारखान्यांत काम करीत असे. तेथें हवेच्या दाबावर वाजणारे ऑर्गन व पियानो तयार होत. त्याला विमान चालविण्याचा नाद होता, पण तें शिकण्याचा खर्च अवाच्या सवा. तेव्हां ऑर्गनचेच भाते आणि झडपा वापरून त्यानें १९२९ च्या सुमारास एक लहानसें विमान तयार केलें. तें जमीन कधींच सोडीत नसे. पण आंत बसणाऱ्यानें दांडा हलविला कीं तें डुलत असे, वळत असे, नाक वर-खालीं करीत असे. ज्यानें बाजाच्या पेटीचा भाता पाहिला आहे त्याला त्याची कल्पना सहज येईल. आरंभीं लोकांनीं तें जत्रेंतलें खेळणें मानलें. पुढें १९३४ सालीं अमेरिकन लष्कराकडे विमानांनीं टपाल वाहण्याचें काम आलें. धुक्यांत आणि वादळांत, बाहेरचें कांहींच दिसत नसतां, केवळ यंत्रांच्या कांट्यांवरून विमान चालविण्याचा सराव त्या वैमानिकांना नव्हता. थोड्याच आठवड्यांत दहाहून अधिक जण प्राणांस मुकले. मग लष्करानें लिंकचीं सहा यंत्रें विकत घेतलीं, आणि दुसऱ्या महायुद्धांत लाखो लोक त्या खेळण्यावर वैमानिक झाले.

अमरावतीकरांना हा इतिहास आतां दूरचा राहिलेला नाहीं. शहराजवळील बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजीं मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्याच विमानतळावर वैमानिक घडविणारी शाळा उभारण्याचें एअर इंडियानें २०२४ सालीं जाहीर केलें. ३४ शिकाऊ विमानें आणि वर्षाला १८० वैमानिक, असा तिचा आराखडा त्या वेळीं सांगण्यांत आला. वैमानिकाच्या शिक्षणांत आकाशांतलें उड्डाण आणि जमिनीवरचें उड्डाण हीं जोडीनें चालतात. इंजिनाला आग लागली असतां काय करावें हें खरोखर आग लावून शिकवितां येत नाहीं. जमिनीवरच्या यंत्रांत मात्र तो प्रसंग एका दिवसांत दहा वेळां आणतां येतो. आणि दहाव्या वेळीं शिकणाऱ्याचा हात घाबरत नाहीं.

यावरून प्रतिसृष्टीचें प्रयोजन कोठें आहे हें ठरवितां येतें. खरी गोष्ट जेथें धोक्याची असते, महागाची असते, डोळ्यांना न दिसण्याइतकी लहान असते, माणसाच्या सवडीच्या मानानें फार मंद असते, किंवा शिकणाऱ्याच्या गांवापासून फार दूर असते, तेथें प्रतिसृष्टि उपयोगी पडते. जेथें यांपैकीं एकहि अडचण नाहीं तेथें ती नुसती हौस होय. अंगणांतल्या जास्वंदाचें फूल संगणकावर उलगडून दाखविण्यांत कोणतेंहि शहाणपण नाहीं. तें फूल तोडून मुलाच्या हातीं द्यावें.

धोक्याचें दुसरें उदाहरण वैद्यकाचें. अकोल्याचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून चालू आहे, आणि अमरावतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२४ सालीं मान्यता मिळाली. डॉक्टरकीचा विद्यार्थी आपली पहिली सुई कोणाच्या तरी दंडांत टोचणारच. तो दंड रुग्णाचा असावा कीं रबराचा, एवढाच प्रश्न असतो. देशांत २०१९ पासून वैद्यकाचा जो नवा अभ्यासक्रम लागू झाला, त्यांत महाविद्यालयांना कौशल्यांची प्रयोगशाळा आवश्यक ठरविली गेली. तेथें पुतळ्यांवर सुई टोचणें, श्वासनलिकेंत नळी घालणें, बंद पडलेलें हृदय छातीवर दाब देऊन चालविणें, यांचा सराव होतो. या शेवटच्या कामासाठीं प्रसिद्ध असलेली बाहुली नॉर्वेमधील आस्मुंड लेर्दाल या खेळणीं तयार करणाऱ्या गृहस्थानें १९६० सालीं बाजारांत आणली. येथेंहि, विमानाप्रमाणेंच, खेळण्यापासूनच आरंभ झाला ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे.

अशा सरावाचा खरोखर उपयोग होतो काय? अमेरिकेंतील येल विद्यापीठांत याची परीक्षा झाली, आणि तिचा निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया शिकणाऱ्या १६ डॉक्टरांपैकीं कांहींनीं नेहमींच्या पद्धतीनें शिक्षण घेतलें, तर कांहींना त्याशिवाय संगणकावरील आभासी शस्त्रक्रियेचा सराव दिला गेला. पुढें सर्वांनीं खऱ्या रुग्णांवर दुर्बिणीच्या साहाय्यानें पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. आभासी सराव केलेल्यांना यकृतापासून पित्ताशय सोडविण्यास २९ टक्के कमी वेळ लागला, आणि त्यांच्या चुका दुसऱ्यांच्या चुकांच्या सुमारें एक षष्ठांश होत्या. त्या वाचलेल्या चुका रुग्णांच्या देहांवर झाल्या असत्या, हें लक्षांत घेतलें म्हणजे आंकड्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

आतां खर्चाची गोष्ट. अमरावतींत १९२३ सालीं किंग एडवर्ड कॉलेज निघालें. तेंच आज शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था या नांवानें चालतें. शंभर वर्षांची परंपरा असलेल्या संस्थेंत प्रयोगशाळा ही गोष्ट गृहीत धरतां येते. पण तालुक्याच्या गांवीं, किंवा त्याहूनहि आडवळणाच्या ठिकाणीं, विज्ञानाचा वर्ग असतो, पाठ्यपुस्तक असतें, आणि प्रयोगाचें साहित्य कुलुपांत असतें. कारण फुटलें तर भरून कोणीं द्यावयाचें? या अडचणीवर उपाय म्हणून केंद्र सरकारनें २००९ सालीं सुरू केलेल्या राष्ट्रीय शिक्षण-तंत्रज्ञान मोहिमेखालीं देशांतील आय. आय. टी. व इतर संस्थांनीं मिळून आभासी प्रयोगशाळा उभारल्या. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचाहि त्यांत वाटा आहे. नववी ते बारावीच्या मुलांसाठीं अमृता विद्यापीठ आणि मुंबईचें सी-डॅक यांनीं 'ओलॅब्स' हा संच तयार केला. त्यांतील प्रयोग मराठींतूनहि मिळतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें अशा प्रयोगशाळांचा पुरस्कार केला, आणि २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पांत विज्ञान व गणित या विषयांसाठीं ७५० आभासी प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली.

या बाबतींत परदेशांतला सर्वांत विचारपूर्वक झालेला उद्योग म्हणजे अमेरिकेंतील कोलोराडो विद्यापीठाचा 'फेट' हा संच. २००१ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळविणारे कार्ल वीमन यांनीं तो २००२ सालीं सुरू केला. तो विनामूल्य आहे, मराठींतहि आहे, आणि एकदां उतरवून घेतला कीं इंटरनेटशिवाय चालतो. जेथें तार येते आणि जाते अशा गांवीं ही शेवटची सोय पहिल्या दोहोंइतकीच मोलाची आहे. त्यांतील विजेच्या मंडलाचा प्रयोग पाहण्यासारखा आहे. मूल पडद्यावर घट, तारा आणि दिवा जोडतें. मंडल पुरें झालें कीं दिवा लागतो, इतकें तर खऱ्या प्रयोगांतहि दिसतें. पण येथें तारेच्या आंत सरकणारे इलेक्ट्रॉनचे ठिपकेहि दिसतात. दिव्याच्या मागें दुसरा दिवा जोडला कीं ते ठिपके सगळ्याच तारेंत संथ होतात. आणि वीज पहिल्या दिव्यांत 'खर्च होते' ही जी चुकीची समजूत कित्येक मोठ्या माणसांच्याहि मनांत घर करून असते, ती तेथल्या तेथें ढासळते. खऱ्या तारेंत हें कधींच दिसत नाहीं. २००५ सालीं त्याच विद्यापीठांतील एका अभ्यासांत असें आढळलें कीं, ज्या विद्यार्थ्यांनीं हा आभासी प्रयोग केला त्यांना, खऱ्या साहित्यावर शिकलेल्या विद्यार्थ्यांपेक्षां, मंडलाची कल्पना अधिक चांगली कळली. इतकेंच नव्हे, तर खरें मंडल जोडण्याचें कामहि त्यांनीं अधिक चांगलें केलें. साहित्याच्या अभावीं नाइलाजानें वापरावयाची वस्तु, अशा नजरेनें जिकडे पाहिलें जातें, ती कांहीं ठिकाणीं खऱ्या साहित्याहून सरस ठरते, ती या कारणानें.

मंद गतीची अडचण शेतीच्या शिक्षणांत सर्वांत जास्त जाणवते. अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ १९६९ सालीं स्थापन झालें. कृषि पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. म्हणजे विद्यार्थ्याच्या वाट्याला खरिपाचे हंगाम चारच. त्यांतला एखादा अवर्षणाचा, एखादा अतिवृष्टीचा. एवढ्या अनुभवावर पुढें त्यानें शेकडों शेतकऱ्यांना सल्ला द्यावयाचा असतो. या ठिकाणीं पिकाच्या वाढीचें गणिती प्रतिमान कामाला येतें. १९८९ पासून जगांत वापरांत असलेल्या 'डीसॅट' नामक संचांत कपाशीचेंहि प्रतिमान आहे. त्यांत रोजचें ऊन, तपमान आणि पाऊस, जमिनीची खोली आणि तिची ओल धरून ठेवण्याची शक्ति, पेरणीची तारीख आणि खताची मात्रा हीं सर्व भरावयाचीं. मग तें प्रतिमान एकेक दिवस पुढें जातें: आज पानांनीं किती प्रकाश घेतला, मुळांना किती ओल मिळाली, त्यांतून किती वाढ झाली आणि ती पानांकडे गेली कीं बोंडांकडे. पेरणी पंधरा दिवस लांबली तर काय, जमीन खोल काळी नसून हलकी बरड असती तर काय, असे प्रश्न विचारीत एका दुपारींत तीस हंगाम पाहतां येतात. जाणत्या म्हाताऱ्या शेतकऱ्यापाशीं तीस हंगामांची जी आठवण असते, तिची उणीव यानें सर्वस्वीं भरून निघत नाहीं; पण तरुणाला त्या म्हाताऱ्याला कोणते प्रश्न विचारावेत हें तरी कळूं लागतें.

पाण्याचेंहि असेंच आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीचा खारपाणपट्टा जातो. जमीन खोल आणि काळी, पण तिच्या पोटांतलें पाणी खारट. विहीर खणावी तर मचूळ पाणी लागावें, आणि तें दिलें तर जमीनच बिघडावी. येथें आभाळांतून पडलेलें पाणी किती मुरतें, किती वाहून जातें, आणि किती पिकाला मिळतें, हा हिशेब म्हणजे गांवाच्या जगण्याचाच हिशेब. महाराष्ट्र सरकारनें जागतिक बँकेच्या साहाय्यानें २०१८ सालीं हातीं घेतलेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पांत १५ जिल्ह्यांतील पांच हजारांहून अधिक गांवें होतीं, आणि त्यांत या पट्ट्यांतील गांवांचाहि समावेश होता. त्या प्रकल्पासाठीं मुंबईच्या आय. आय. टी.नें गांवाच्या पाण्याचा ताळेबंद मांडणारें प्रतिमान तयार केलें. पाऊस ही जमा. पिकांनीं घेतलेलें, वाहून गेलेलें आणि मुरलेलें पाणी हा खर्च व शिल्लक. किराण्याची वही ठेवणाऱ्या कोणत्याहि घराला समजेल असा हा हिशेब आहे, फक्त तो रोजच्या रोज आणि शेताशेताचा मांडावयाचा असल्यानें संगणक लागतो. असा ताळेबंद शाळेंत नेला, आणि 'आपल्या गांवानें सोयाबीनच्या जागीं ऊंस लावला तर?' असा प्रश्न दहावीच्या वर्गानें त्याला विचारला, तर भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र हे तीन विषय एका तासांत एकत्र येतील.

उरली अंतराची अडचण. मेळघाटांतील हरिसाल या गांवाला २०१६ च्या सुमारास शासनानें एका मोठ्या संगणक कंपनीच्या साहाय्यानें डिजिटल गांव करण्याचें काम आरंभिलें. इंटरनेट, दूरस्थ वैद्यकीय सल्ला आणि संगणकावरचें शिक्षण यांचा त्यांत समावेश होता. अशा गांवच्या मुलानें समुद्र पाहिलेला नसतो, रेल्वेचें स्थानकहि कदाचित् नसतें. वऱ्हाडांतलेंच लोणार घ्यावें. सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंदीचें तें विवर बेसाल्टच्या कठीण खडकांत अशनीच्या आघातानें पडलें, हें पुस्तकांतलें वाक्य मुलें पाठ करतात. पण डोळ्यांवर चष्मा चढवून विवराच्या कांठावर उभें राहिलें, खालीं पाण्याकडे पाहिलें, आणि मग अशनीचा आकार व वेग कमीजास्त करीत विवर कसें बदलतें हें पाहिलें, तर पाठ केलेल्या वाक्याला अर्थ येतो. मात्र ही वाहतूक एकेरी असूं नये. मेळघाटांतील कोरकू मुलाला मुंबई दाखविणारी प्रतिसृष्टि जितकी हवी, तितकीच अकोल्याच्या मुलाला मेळघाट दाखविणारीहि हवी. आणि तिच्यांत झाडांचीं व पांखरांचीं कोरकू नांवें ऐकूं यावींत. नाहीं तर एका बाजूनें पाहावयाचें आणि दुसऱ्या बाजूनें केवळ नवल करावयाचें, असा भेद या नव्या विद्येंतहि राहील.

येथवर प्रतिसृष्टीचे गुण झाले. पण विदर्भाच्याच भूमींतून तिच्यावर एक जुना आणि भक्कम आक्षेप येतो. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली आणि तींतून नई तालीम पुढें आली. तिचा गाभा हाच कीं, मुलानें हातानें कांहीं उत्पन्न करीत शिकावें. टकळीवर सूत कातितांना गणित यावें, भूगोल यावा, कापसाचा इतिहास यावा. त्या तालमीच्या दृष्टीनें पडद्यावरचा कापूस हा कापूसच नव्हे. त्याचें बोंड बोटाला टोचत नाहीं, त्याचें सूत तुटत नाहीं, आणि पावसानंतरची काळी माती पायाला मणभर चिकटते ती तेथें चिकटत नाहीं. हा आक्षेप भावनेचा म्हणून बाजूला सारतां येणार नाहीं. हाताला जो विरोध जाणवतो, तोच कित्येकदां शिक्षकाचें काम करतो.

दुसरा आक्षेप नव्या संशोधनांतूनच आला आहे. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका अभ्यासांत ५२ विद्यार्थ्यांना एकच आभासी विज्ञानप्रयोग दिला. साध्या संगणकाच्या पडद्यावर, आणि डोळ्यांवर चढविलेल्या चष्म्यांतून. चष्म्यांतल्या जगांत आपण प्रत्यक्ष आहों असें विद्यार्थ्यांना अधिक वाटलें. पण त्यांचें शिकणें मात्र कमी झालें. मनाची शक्ति देखाव्यांत गुंतून गेली, आणि विचाराला ती कमी उरली. चष्मा महाग, तो बराच वेळ चढविला तर कित्येकांना भोवळ येते, आणि शिवाय कांहीं कामांना तो घातकहि ठरतो. तेव्हां शाळेनें आधीं चष्म्यांची खरेदी करावी आणि मग त्यांचा उपयोग शोधावा, हा क्रम उलटा होय.

तिसरा आक्षेप सर्वांत सूक्ष्म आहे. प्रतिसृष्टींत जे नियम लिहिलेले असतात तेवढेच तेथें घडतात. न लिहिलेला नियम तेथें नसतोच. २०१७ च्या खरिपांत विदर्भांत गुलाबी बोंडअळीनें कपाशीची मोठी हानि केली. ज्या प्रतिमानांत किडीचा नियमच लिहिलेला नाहीं, त्याला त्या वर्षाचा पाऊस आणि ऊन भरून विचारलें, तर तें भरघोस पिकाचें उत्तर देईल, आणि तें उत्तर मोठ्या आत्मविश्वासाच्या आंकड्यांत देईल. म्हणून प्रत्येक प्रतिसृष्टीविषयीं विद्यार्थ्यानें विचारावयाचा पहिला प्रश्न असा: ही रचणाऱ्यानें काय काय सोडून दिलें आहे? हा प्रश्न विचारण्याची संवय लागली, तर संगणकाच्या शिक्षणाचें अर्धें सार्थक झालें म्हणावें.

या सर्वांवरून शिक्षकाचें काम कमी होतें असें कोणास वाटेल. वस्तुतः तें वाढतें. कळ फिरविण्याआधीं काय होईल याचें भाकीत प्रत्येकानें वहींत लिहावें, असा आग्रह त्यानें धरला पाहिजे; कारण भाकिताशिवाय पाहिलेला प्रयोग करमणुकीच्या पलीकडे जात नाहीं. एका वेळीं एकच कळ बदलावी, हें त्यानें शिकविलें पाहिजे. दहा कळा एकदम फिरविणाऱ्याला कशामुळें काय झालें तें कधींच कळत नाहीं. भाकीत कां चुकलें याची चर्चा त्यानें घडवून आणली पाहिजे. आणि शेवटीं, कितीहि लहान असो, खरी वस्तु वर्गांत आणली पाहिजे. विजेचा आभासी धडा झाल्यावर एक घट, हातभर तार आणि एक छोटा दिवा. पाण्याचा ताळेबंद झाल्यावर काळ्या मातीची एक कुंडी आणि एक पेलाभर पाणी. या सामानाला रुपये फारसे लागत नाहींत. चाळीस मुलांना चाळीस यंत्रेंहि लागत नाहींत. एकाच पडद्याभोंवतीं चाळीस मुलें बसलीं, आणि पुढें काय होईल यावर त्यांचा वाद रंगला, तर तो वर्ग चाळीस चष्मे चढवून मुकाट बसलेल्या वर्गाहून अधिक शिकेल.

घरांतील वडील माणसांनाहि यांत करण्यासारखें आहे. मूल संगणकापासून उठल्यावर 'काय पाहिलेंस?' असें विचारण्याऐवजीं 'काय बदललेंस, आणि मग काय झालें?' असें विचारावें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर कोणतेंहि खेळणें देऊं शकतें. दुसऱ्याचें उत्तर जें मूल देऊं शकेल, तें खरोखर कांहीं शिकलें असें समजावें.

विश्वामित्राच्या कथेचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. प्रतिसृष्टि झाली, पण त्रिशंकु मात्र ना स्वर्गांत ना पृथ्वीवर, मध्येंच लोंबकळत राहिला. जें शिक्षण पडद्यावरच संपतें त्याची गति याहून निराळी होणार नाहीं. लिंकच्या यंत्रांत बसलेला वैमानिक अखेर आकाशांत गेला, पुतळ्यावर शिकलेला डॉक्टर अखेर रुग्णाच्या खाटेपाशीं गेला. खारपाणपट्ट्यांतल्या एखाद्या मुलीनें शाळेंत आपल्या गांवच्या पाण्याचा ताळेबंद मांडला, आणि संध्याकाळीं घरीं जाऊन वडिलांना विचारलें, 'बाबा, आपल्या विहिरीचें पाणी मार्गशीर्षांत किती हात खालीं जातें?', तर त्या दिवसापुरती तरी प्रतिसृष्टीची तालीम फळाला आली. आणि त्या प्रश्नाचें उत्तर वडिलांपाशीं नसेल, तर दोघांनीं मिळून दोर घेऊन विहिरीवर जावें.